'क' म्हणजे कुठला 'क'?

काही वर्षांपूर्वी माध्यमिक शाळांतील विज्ञान शिक्षकांसाठी रसायनशास्त्राच्या प्रयोगांची एक मार्गदर्शिका मराठीत आली. मूळ पुस्तिका इंग्रजीत होती. भाषांतर दुसऱ्या कोणी केले होते आणि शास्त्रीय तपासणीचे काम माझ्याकडे होते. ते मी मन लावून केले अशी माझी समजूत होती. समीकरणे तपासली, परिभाषा तपासली, 'तीव्र' आम्ल आणि 'संहत' आम्ल यांत कुठे घोटाळा झालेला नाही ना, हे पाहिले. पुस्तिका छापून झाली आणि तिच्या आधारे एका जिल्ह्याच्या गावी शिक्षकांचे तीन दिवसांचे शिबिर भरले.

दुसऱ्या दिवशी हायड्रोजनचा प्रयोग होता. जस्ताचे तुकडे, विरल आम्ल, चंबू, वायुवाहक नळी, पाण्याचे भांडे. एक शिक्षिका पुस्तिका हातात धरून एकेक पायरी मोठ्याने वाचत होत्या आणि बाकीचे त्याप्रमाणे करत होते. "वरील (क) प्रमाणे खात्री करून घेतल्यानंतरच नळीच्या टोकाशी वायू पेटवावा" हे वाक्य त्यांनी वाचले, मग थांबून त्या बोटाने पान वर वर शोधत गेल्या आणि मला म्हणाल्या, "सर, क म्हणजे कुठला क? इथे (क) मध्ये चंबूचे बूच घट्ट बसले आहे याची खात्री करा असं म्हटलंय. ती तर मघाशीच केली. मग पेटवू?"

पेटवायचे नव्हते. चंबूत अजून हवा होती. मूळ इंग्रजीत पायऱ्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे होती आणि पेटवण्याआधी 'सी' मधील खात्री करा असे म्हटले होते. 'सी' ही तिसरी पायरी. तीत सांगितले होते की, पाण्याखाली परीक्षानळीत थोडा वायू गोळा करा, ती नळी चंबूपासून दूर नेऊन ज्योतीजवळ धरा, मोठा आवाज झाला तर वायूत अजून हवा मिसळलेली आहे असे समजा आणि हलका 'पप्' असा आवाज येईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करा. हवेत हायड्रोजनचे प्रमाण सुमारे ४ टक्के ते ७५ टक्के या दरम्यान असेल तर ते मिश्रण पेट घेते. वायूंच्या बाबतीत हा पट्टा फारच रुंद आहे. बंद चंबूत असे मिश्रण असताना नळीच्या टोकाशी काडी धरली, तर ज्योत नळीतून आत शिरते आणि काचेचे तुकडे खोलीभर होतात.

घडले होते ते असे. भाषांतरकाराने 'सी'चा 'क' केला. त्यात चूक काहीच नाही, कारण मराठीत आपण अ, ब, क, ड असेच मोजतो. पुढे छपाईची मांडणी करताना संगणकावर कोणीतरी त्या यादीला क, ख, ग, घ अशी क्रमाक्षरे लावली. यातही चूक नाही. यादीची अक्षरे आपोआप बदलली, वाक्याच्या पोटात हाताने टाइप केलेला 'क' मात्र जागच्या जागी राहिला. तिसरी पायरी आता (ग) झाली होती आणि (क) हे अक्षर पहिल्या पायरीला गेले होते. मी तपासला तो मांडणीपूर्वीचा मजकूर. शेवटची मुद्रिते मी मागितली नाहीत, ती मला कोणी पाठवलीही नाहीत. दोष वाटायचाच झाला तर त्यातला मोठा वाटा माझा आहे.

पुस्तकाच्या एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारे जे शब्द असतात, म्हणजे 'आकृती ३ पहा', 'वरील समीकरणावरून', 'मागील प्रकरणात सांगितल्याप्रमाणे', त्यांना या लेखापुरते 'निर्देश' म्हणू या. मराठीतील भाषांतरित विज्ञानग्रंथांवर आजवर जी टीका झाली ती जवळजवळ सगळी परिभाषेवर झाली. संज्ञा बोजड आहेत, संस्कृत आहेत, इंग्रजी शब्दच ठेवायला हवा होता, वगैरे. या वादात मीही तावातावाने भाग घेतलेला आहे. पण बोजड संज्ञेने वाचक अडतो, तर चुकीच्या निर्देशाने तो न अडता भलत्याच ठिकाणी जाऊन पोहोचतो. तरीही निर्देशांची भाषा नीट वाचून तिच्यावर दोन शब्द लिहिलेले परीक्षण माझ्या पाहण्यात नाही.

प्रथम अक्षरांचाच प्रश्न घेऊ. 'अ, ब, क, ड' हा क्रम आपल्या वर्णमालेत कुठेही नाही. तो इंग्रजी ए, बी, सी, डी यांच्या जागी बसवलेल्या मराठी अक्षरांचा क्रम आहे आणि जुन्या भूमितीच्या पुस्तकांतून, त्रिकोण अबक काढत काढत, तो आपल्या अंगवळणी पडला. दुसरीकडे कायद्याच्या आणि शासकीय मराठीत क, ख, ग, घ हा वर्णमालेचा क्रम चालतो. दोन्ही क्रम आपल्याकडे जिवंत आहेत आणि 'क' हे अक्षर दोन्हींत आहे, एकात पहिले तर दुसऱ्यात तिसरे. 'ड'ची गत आणखी वाईट आहे. एका क्रमात तो चौथा आहे. दुसऱ्यात पाचवे अक्षर 'ङ' असते, पण कळफलकावर ते चटकन सापडत नाही म्हणून तिथेही पुष्कळदा 'ड' छापलेला आढळतो, आणि खरा 'ड' तर तेरावा!

याचे सर्वांत चांगले उदाहरण शिक्षकांच्या रोजच्या हाताखाली आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे, असे आपण विज्ञानाची मंडळी भाषणांतून नेहमी सांगतो आणि संविधानाच्या कलमाचा दाखला देतो. १९७६ साली झालेल्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ही कर्तव्ये संविधानात आली. २००२ सालच्या ८६ व्या दुरुस्तीने त्यांत एकाची भर पडून ती अकरा झाली. इंग्रजी मजकुरात हे कर्तव्य ५१ ए (एच) येथे आहे. अनेक पाठ्यपुस्तकांच्या सुरुवातीच्या पानांवर मराठीत कर्तव्ये छापलेली असतात, तिथे ते ५१ क (ज) आहे. 'एच' हे आठवे अक्षर आणि क, ख, ग, घ, ङ, च, छ, ज असे मोजले तर 'ज' आठवा, म्हणजे हिशेब चोख आहे. पण भाषणात कोणी '५१ अ' म्हणतो, कोणी '५१ ए', आणि 'एच'चा 'ह' करून '५१ अ (ह)' लिहिलेलेही मी वाचले आहे. विद्यार्थी हे ऐकून पाठ्यपुस्तकाचे पान उघडतो, तिथे त्याला '५१ अ'ही सापडत नाही आणि '(ह)'ही सापडत नाही, कारण अकरा कर्तव्ये '(ट)'पाशीच संपतात. सांगणारा आणि छापणारा दोघेही खरे बोलत असतात आणि मुलगा मात्र रिकाम्या हाताने परत येतो.

आता वाक्यरचनेकडे वळू. इंग्रजीत आकृती 'दाखवते', तक्ता 'सांगतो', प्रकरण 'चर्चा करते'. भाषांतरात हे सगळे निर्जीव पदार्थ तसेच बोलायला लागतात: 'आकृती ३ दर्शविते की लोहचुंबकाच्या टोकांशी लोखंडाचा कीस अधिक प्रमाणात चिकटतो.' मराठी माणूस असे बोलत नाही. तो म्हणेल, 'आकृती ३ वरून दिसते की...', किंवा त्याहून बरे म्हणजे, 'लोहचुंबकाच्या टोकांशी लोखंडाचा कीस अधिक चिकटतो (आकृती ३ पहा).' या दुसऱ्या रचनेत आधी मुद्दा कळतो आणि मग नजर आकृतीकडे जाते. इंग्रजीत निर्देश बहुधा वाक्याच्या शेवटी टाकता येतो. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे 'मध्ये दाखविल्याप्रमाणे'चे शेपूट वाक्याच्या सुरुवातीला येऊन बसते आणि 'आकृती ३ मध्ये व तक्ता २ मध्ये दाखविल्याप्रमाणे आणि समीकरण ५ वरून निष्पन्न होते त्याप्रमाणे' एवढे वाचून झाले तरी कशाबद्दल चालले आहे हे वाचकाला कळलेले नसते. तोवर तो तीन ठिकाणी पाने उलटून आलेला असतो.

'(आकृती ३ पहा)' या साध्या रचनेत एक सोय दडलेली आहे, ती सहसा कोणी बोलून दाखवत नाही. मराठीत नामाला विभक्तीचा प्रत्यय लागताना त्याचे रूप बदलते: तक्ता, तक्त्यात; प्रकरण, प्रकरणाला. पण 'पाहणे' या क्रियापदाचे कर्म निर्जीव असेल तर ते सहसा मूळ रूपातच राहते. आपण 'तक्ता पहा' म्हणतो, 'तक्त्याला पहा' म्हणत नाही. त्यामुळे कंसातल्या निर्देशात तक्ता असो, आकृती असो की परिशिष्ट असो, शब्द जसाच्या तसा राहतो आणि त्याच्यामागे कोणताही आकडा बसवता येतो. ('पहा' की 'पाहा' हा वाद मी इथे काढत नाही.) अडचण येते ती निर्देश कंसाबाहेर वाक्यात शिरला की. मग दोन मार्ग उरतात. एक तर 'तक्ता ४ मध्ये' म्हणायचे. यात नाम मोकळे राहते आणि प्रत्ययाचा भार आकड्यावर पडतो. नाहीतर 'चौथ्या तक्त्यात' म्हणायचे. हे कानाला गोड लागते, पण आकड्यात लिहायचे तर १ला, २रा, ३रा, ४था, ५वा ही शेपटे सांभाळावी लागतात, शिवाय लिंगाप्रमाणे पहिला तक्ता, पहिली आकृती, पहिले समीकरण.

नामांची निवडही निष्काळजीपणे होते. 'कोष्टक' म्हणजे मराठीत आकड्यांचे रकाने, हिंदीत 'कोष्ठक' म्हणजे कंस. हिंदीवरून मराठी करणारा भाषांतरकार 'कोष्टक २ मधील पद' असे लिहून गेला तर विद्यार्थ्याने दुसरा तक्ता शोधायचा की दुसरा कंस? 'खंड' म्हणजे ग्रंथमालेतला एक ग्रंथ, कायद्यात कलमाचा एक पोटभाग आणि भूमितीत रेषेचा तुकडा. एका पुस्तकात एका गोष्टीला एकच नाव असावे एवढे पथ्य पाळले तरी बरेच निभावते. पण दोन भाषांतरकारांनी निम्मी निम्मी प्रकरणे वाटून घेतली की पूर्वार्धात 'तक्ता' आणि उत्तरार्धात 'सारणी' हे ठरलेलेच.

संगणकाने हे सुटेल, असे उत्तर यावर नेहमी मिळते. ते अर्धे खरे आहे. आम्ही संशोधनाचे लेख 'लाटेक' नावाच्या प्रणालीत लिहितो. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस गणिती मजकुराच्या छपाईसाठी 'टेक' ही प्रणाली तयार केली आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात तिच्यावर 'लाटेक' उभारली. तिच्यात लेखक आकृतीला क्रमांक देतच नाही. तो तिला एक खुणेचे नाव देतो, समजा 'चुंबक-कीस', आणि मजकुरात जिथे निर्देश करायचा तिथे तेच नाव लिहितो. संगणक पहिल्या फेरीत सर्व क्रमांक ठरवून एका वेगळ्या फाइलीत टिपून ठेवतो आणि दुसऱ्या फेरीत ते मजकुरात भरतो. मध्ये नवी आकृती घातली तरी पुढचे सगळे निर्देश आपोआप सरकतात. खुणेचे नाव चुकले तर त्या जागी ठळक ?? छापले जाते. मला ही दोन प्रश्नचिन्हे फार आवडतात. आमच्या पुस्तिकेत 'क'च्या जागी ती छापली गेली असती, तर पहिल्या वाचकाने छापखान्याला फोन केला असता. साळसूद चेहऱ्याने उभा असलेला चुकीचा 'क' मात्र कोणाच्याच डोळ्यांत आला नाही.

उरलेले अर्धे संगणकाच्या आवाक्याबाहेर आहे असे नाही, पण ते भाषेगणिक वेगळे आहे. हंगेरियन भाषेत नामाआधी येणाऱ्या उपपदाची 'अ' आणि 'अझ' अशी दोन रूपे आहेत. पुढच्या शब्दाचा उच्चार स्वराने सुरू होत असेल तर 'अझ'. आता 'एक' आणि 'पाच' यांचे हंगेरियन शब्द स्वराने सुरू होतात, 'चार'चा होत नाही. म्हणजे एक आकृती वाढून चौथीची पाचवी झाली की आकड्याबरोबर त्याच्या आधीचा शब्दही बदलायला हवा! लाटेकमध्ये अनेक भाषांची सोय करणाऱ्या 'बेबल' या संचात हंगेरियनसाठी आकड्याचा उच्चार ओळखून उपपद निवडणारी आज्ञा आहे. कोरियन भाषेत पेच आकड्यानंतर येतो. कर्माचा प्रत्यय व्यंजनान्त उच्चारानंतर 'उल' आणि स्वरान्त उच्चारानंतर 'रुल' असतो. तिथे तीनला 'साम' म्हणतात आणि दोनला 'ई', म्हणून आकृतीचा क्रमांक बदलला की प्रत्ययही बदलतो. कोरियन लोकांनी हे काम आपोआप करणारी आज्ञा बनवली आहे. आपल्या १ला, २रा, ३रा, ४था यांचे दुखणे याच जातीचे आहे. मराठीत उपपद नाही आणि 'मध्ये', 'वरून' ही अव्यये आकड्याचा उच्चार बघून बदलत नाहीत, त्यामुळे खरे तर आपण फार स्वस्तात सुटतो.

काही जोडसंच याच्याही पुढे जाऊन आकड्याआधीचा शब्दसुद्धा स्वतःच घालतात. टोबी क्युबिट यांचा 'क्लेव्हररेफ' हा त्यांपैकी प्रसिद्ध. इंग्रजीत तो उत्तम चालतो, कारण तिथे नाम विभक्तीने बदलत नाही. जर्मनमध्ये लगेच ठेच लागते: प्रकरणांना 'कापिटेल' म्हणतात, पण 'प्रकरणांमध्ये' म्हणताना ते 'कापिटेल्न' होते आणि यंत्राला वाक्यातली विभक्ती कळत नाही. मराठीत शब्द यंत्रावर सोपवला आणि नंतर संपादकाने एका ठिकाणी 'तक्ता' बदलून 'सारणी' केले, तर पुस्तकभर 'सारणी ४ मोठा आहे' असे छापून येईल. म्हणून माझे मत असे की, मराठीत आकडा यंत्राकडून घ्यावा आणि शब्द माणसाने लिहावा.

'वरील', 'खालील', 'पुढील पानावर' यांचेही यांत्रिकीकरण झाले आहे. फ्रँक मिटलबाख यांचा 'व्हॅरिओरेफ' हा संच आकृती त्याच पानावर आहे, समोरच्या पानावर आहे की मागच्या, हे पाहून त्याप्रमाणे शब्द घालतो. त्यात एक मजेशीर अडचण आहे. 'पुढील पानावर' हे शब्द घातल्याने ओळ लांबते आणि मजकूर सरकून निर्देशाचे वाक्यच आकृतीच्या पानावर जाते. मग 'पुढील पानावर' काढावे लागते, मजकूर पुन्हा मागे येतो, की पुन्हा ते घालावे लागते. हे चक्र कधीच थांबत नाही. कर्ते स्वतःच या शक्यतेची पूर्वसूचना देतात. मी मराठीत 'वरील' शब्द शक्यतो वापरू नये असे म्हणतो ते मात्र याहून साध्या कारणासाठी. आज पुष्कळ शिक्षक पुस्तकाची फाइल मोबाइलवर वाचतात. तिथे 'वरील आकृती' पाच वेळा बोट सरकवल्यावर येते, आणि वाटेत आणखी दोन आकृत्या लागतात. 'अनुक्रमे' हाही याच कुळातला शब्द. दोन-दोनच्या जोड्यांपर्यंत ठीक आहे. पाच धातू, पाच क्षार आणि पाच रंग यांची 'अनुक्रमे' सांगड वर्गात मोठ्याने वाचून दाखवावी, म्हणजे त्याची किंमत कळेल. तिथे तक्ताच हवा.

पानांच्या क्रमांकाविषयी एकच वाक्य पुरे: मराठी मजकुराची लांबी मूळ इंग्रजीइतकी नसते, त्यामुळे 'पृष्ठ ४७ पहा'चे नुसते भाषांतर केले की ते चुकलेच.

मराठीत निर्देशांचे काम विचारपूर्वक झालेले पाहायचे असेल तर मराठी विश्वकोश उघडावा. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यात मजकुराच्या मध्ये चौकटी कंसात बाण काढून संबंधित नोंदीचे नाव दिलेले असते आणि नोंदीच्या शेवटी 'पहा :' लिहून इतर नोंदींची नावे. पृष्ठांक नाहीत, 'वरील' नाही, 'खालील' नाही. नाव बाणानंतर किंवा विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनंतर येत असल्यामुळे त्याला प्रत्यय लागत नाही, म्हणजे वर सांगितलेला विभक्तीचा पेचही उद्भवत नाही. दोषही सांगायला हवा. कोशाचे काम चार दशके चालले, शेवटचा विसावा खंड पूर्ण व्हायला २०१५ साल उजाडले. पहिल्या खंडातल्या कित्येक बाणांनी वाचकाला ज्या नोंदींकडे धाडले, त्या तेव्हा छापल्याच गेल्या नव्हत्या. पण नावाने केलेला निर्देश वाट पाहू शकतो. तेच खंड पुढे संकेतस्थळावर आले, पाने नाहीशी झाली, तरी बाण खरेच राहिले.

आमच्या पुस्तिकेसाठी त्या शिबिरातच एक शुद्धिपत्रक चक्रमुद्रित करून वाटले. त्यात आम्ही '(क) ऐवजी (ग) वाचावे' असे छापले, आणि दुपारी त्याच शिक्षिका पुन्हा आल्या. त्यांच्या शाळेत पोहोचलेल्या प्रतींना शुद्धिपत्रक कोण लावणार, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी स्वतःच्या प्रतीत ते वाक्य खोडून समासात नवे लिहिले होते. पुढच्या आवृत्तीत आम्ही पायऱ्यांना १, २, ३ असे आकडे दिले आणि त्यांचे वाक्य जसेच्या तसे घेतले: 'परीक्षानळीतला वायू ज्योतीजवळ नेल्यावर मोठा आवाज होत असेल, तर चंबूजवळ काडी पेटवू नका.'